जाड्या-रड्याच्या चाहत्यांचं पत्रक

नमस्कार श्रोतेहो. एका नटाच्या चाहत्यांनी आपसांत काढलेलं पत्रक, हा आजचा विषय. नटाचं नाव स्टॅन लॉरेल. नावावरून चेहरा डोळ्यांसमोर आला नसेल, तर आपल्या घराघरातलं नाव सांगतो: जाड्या-रड्या. त्यातला रड्या तो स्टॅन लॉरेल, केस ताठ उभे आणि चेहरा आता रडेल की मग रडेल असा. जाड्या तो ऑलिव्हर हार्डी. या जोडीच्या चाहत्यांचं मंडळ १९६५ साली न्यूयॉर्कला सुरू झालं आणि ते अजून चालू आहे. पत्रकं निघतात, लोक वर्गणी भरतात, पुढच्या अंकाची वाट बघतात. लॉरेलला जाऊन साठ वर्षं उलटली. हार्डी तर त्याच्याही आधी गेला. नवा सिनेमा येणार नाही, नवी मुलाखत येणार नाही. मग अंकात छापायला मजकूर येतो कुठून?

माझं म्हणणं साधं आहे. हे पत्रक टिकलं, कारण त्याआधी त्या नटानं चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं दिली होती. ऐकताना निसटू नये म्हणून पुन्हा सांगतो: आधी नटानं उत्तरं दिली, मग चाहत्यांनी पत्रक काढलं. यावर मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. ती निवांत सांगतो.

१९५७ च्या ऑगस्टमध्ये हार्डी गेला. त्यानंतर लॉरेल पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. बोलावणी येत होती, पण जोडीदार नाही तर काम नाही, हे त्याचं ठरलेलं होतं. त्याच्या स्वतःच्या अंगावरूनही १९५५ मध्ये पक्षाघाताचा झटका गेला होता. कॅलिफोर्नियात सॅन्टा मोनिकाला, समुद्रासमोर, ओशाना नावाची इमारत होती. तिथल्या एका लहानशा फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको आयडा राहायचे. खिडकीतून प्रशांत महासागर दिसायचा. टेबलावर टाइपरायटर. जगभरातून पत्रं यायची आणि हा माणूस स्वतः बसून, स्वतःच्या बोटांनी टाइप करून, खाली सही करून उत्तर पाठवायचा. शाळकरी मुलालाही पाठवायचा. त्यातली शेकडो पत्रं लोकांनी आजवर जपून ठेवली आहेत.

आणि त्याचं नाव टेलिफोन डिरेक्टरीत होतं! गल्लीतल्या वाण्याचा नंबर शोधावा, तसा लॉरेलचा नंबर कुणालाही शोधता यायचा.

आता दुसरा माणूस. डिक व्हॅन डाइक. ‘मेरी पॉपिन्स’ पाहिला असेल तर त्यातला धुराडी साफ करणारा, छपरांवर नाचणारा तो उंच तरुण आठवा. १९६१ पासून अमेरिकेच्या टीव्हीवर त्याच्या नावाचाच विनोदी कार्यक्रम चालू होता. लहानपणापासून हा लॉरेलचा भक्त. पडणं, अडखळणं, गोंधळून बघणं, सगळं त्याच्याकडे बघून शिकलेला. कॅलिफोर्नियाला आल्यावर त्यानं डिरेक्टरी उघडली. नाव दिसलं, नंबर दिसला. लावला फोन. पलीकडे फोन उचलला तो खुद्द लॉरेलनं, आणि घरी ये म्हणून सांगितलं.

व्हॅन डाइकनं ही हकिगत पुढे कितीतरी मुलाखतींत सांगितली आहे, आणि मला तिच्यातला एक क्षण सर्वांत प्रिय आहे. समोर बसल्यावर तो कबूल करून टाकतो की मी आजवर तुमच्याकडून खूप काही चोरलं. आणि लॉरेल शांतपणे म्हणतो, हो, मला माहीत आहे. बस, एवढंच. त्यात ना राग, ना उपकाराचा सूर. त्यानं टीव्ही पाहिलेला असतो, चोरी ओळखलेली असते आणि ती त्याला चाललेली असते.

गोष्ट इथं संपत नाही. १९६३ मध्ये व्हॅन डाइकनं आपल्या कार्यक्रमात लॉरेलची नक्कल केली. जीव ओतून केली. लॉरेलची ती विचित्र चाल कशी यायची ठाऊक आहे? तो बुटांच्या टाचा काढून टाकायचा. टाच नसली की पाऊल सपाट पडतं, माणूस मागे रेलल्यासारखा चालतो. व्हॅन डाइकनं तेही केलं. कार्यक्रम झाला आणि यानं लॉरेलला फोन केला, कसं झालं विचारायला. लॉरेलनं आधी चांगलं म्हटलं. मग त्या म्हाताऱ्या, आजारी माणसानं फोनवरच एकेक बारकावा काढला. इथं हे चुकलं, तिथं ते असं हवं होतं, अगदी तपशिलानं. शेवटी गाडी आली हॅटवर. हार्डीची हॅट नेहमीची, कडा वर वळलेली. लॉरेलच्या हॅटची कड सपाट असायची. व्हॅन डाइकच्या हॅटची कड काही जमली नव्हती. लॉरेल म्हणाला, मग माझीच मागायची होतीस, दिली असती!

मला सांगा, शिकवणी आणखी कशी असते? नकला करणाऱ्यांवर हल्ली कोर्टात दावे लागतात. माझं ठाम मत आहे, विनोदी नटाची विद्या ही मागून नेण्याचीच वस्तू आहे, आणि ज्याच्याकडून नेली त्यानं ती नीट नेली का एवढंच तपासावं. असो, मी विषय सोडून चाललो.

२३ फेब्रुवारी १९६५ रोजी लॉरेल गेला. अंत्यसंस्काराच्या वेळी भाषण केलं ते याच व्हॅन डाइकनं. डिरेक्टरीत नंबर शोधून फोन करणाऱ्या मुलानं. यापुढे पत्रकाचं जे काही सांगणार आहे, ते ऐकताना तो फोन लक्षात असू द्या.

तर मंडळ. जॉन मॅकेब नावाचे अमेरिकन अभ्यासक १९५३ मध्ये शेक्सपिअरच्या अभ्यासासाठी इंग्लंडात होते. लॉरेल-हार्डी तेव्हा तिथं रंगमंचाच्या दौऱ्यावर. मॅकेब बर्मिंगहॅमला प्रयोगानंतर आत भेटायला गेले, ओळख झाली, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि १९६१ मध्ये त्यांचं या जोडीवरचं पुस्तक आलं. मग ऑर्सन बीन आणि चक मॅक्‌कॅन हे नट, अल किलगोर हे व्यंगचित्रकार, अशा मित्रांना घेऊन त्यांनी मंडळ काढलं. नाव ‘सन्स ऑफ द डेझर्ट’, म्हणजे वाळवंटाचे पुत्र, हे लॉरेल-हार्डीच्याच १९३३ च्या सिनेमाचं. बायकांना खोटं सांगून मंडळाच्या अधिवेशनाला पळणाऱ्या दोन नवऱ्यांचा तो सिनेमा.

मॅकेबनी मंडळाची घटना लिहिली आणि लॉरेलला दाखवली. घटना वाचण्यासारखी आहे. पदाधिकाऱ्यांना कसलाही अधिकार असणार नाही, असं एक कलम. तरीही अध्यक्षांनी सभा रीतसर आणि शिस्तीत चालवावी, असं पुढचं कलम. आणि त्यापुढचं कलम म्हणतं की आधीचं कलम हास्यास्पद आहे. लॉरेल खूश झाला. त्यानं एवढंच सुचवलं की मंडळाला सदैव एक अर्धामुर्धा रुबाब असावा. बोधवाक्यही त्याचंच: दोन डोकी, पण विचार एकही नाही. ते पुढे लॅटिनमध्ये करून मंडळाच्या मुद्रेवर घातलं. म्हणजे बघा, चाहत्यांना त्यानं दिलेलं एक कौतुकाचं उत्तर या घटनेवरही आहे.

मंडळाच्या शाखांना ‘तंबू’ म्हणतात, वाळवंट आहे ना! प्रत्येक तंबूला एकेका सिनेमाचं नाव. आणि या तंबूंना एकमेकांशी बांधून ठेवलं ते पत्रकांनी. मध्यवर्ती पत्रक ‘इंट्रा-टेन्ट जर्नल’. लॉस एंजेलिसच्या तंबूचं ‘प्रॅटफॉल’. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या तंबूचं ‘बोलर डिझर्ट’. ग्लासगो तर लॉरेलचं खास गाव, तिथल्या थिएटरात १९०६ मध्ये सोळा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला.

त्या काळी हौशी मंडळांची पत्रकं कशी निघत, हे साठीच्या पुढच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. स्टेन्सिलवर टाइप करायचं, चूक झाली की लाल द्रव लावून फुंकर मारायची, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं, शाईनं बोटं काळी, मग रात्री जेवणाच्या टेबलावर पानं लावून पिना मारायच्या आणि सकाळी तिकिटं चिकटवून पोस्टात. आपल्याकडच्या श्रोता संघांनी रेडिओ सिलोनला आणि विविध भारतीला ज्या निष्ठेनं पोस्टकार्डं पाठवली, तीच ही निष्ठा. एका कार्डावर सगळ्या सभासदांची नावं दाटीवाटीनं बसवलेली असायची. ती कार्डं ज्यांनी वाचली, त्यांना चाहता म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि छापायचे काय? तेव्हा व्हिडिओ नव्हता. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टची ब्लॅकहॉक फिल्म्स ही कंपनी जुन्या सिनेमांच्या आठ आणि सोळा मिलिमीटरच्या प्रती टपालानं विकायची. त्या मिळवायच्या, हॉलमध्ये पडदा लावायचा, सगळ्यांनी मिळून बघायचं. मग जो तो पाहिलेलं लिहून पाठवणार. दार उघडणारा तो नोकर कोण? पियानो चढवतात तो जिना कुठला? हा जिना, ‘द म्युझिक बॉक्स’मधला, लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात आहे, १३३ पायऱ्यांचा, आणि लोक आजही तो चढायला जातात. मला विचाराल तर ते सिनेमे कृष्णधवलच बघावेत. मागाहून रंग चढवलेल्या प्रती निघाल्या, त्यात हार्डीचा चेहरा मेणासारखा दिसतो. रंगीत लावलं तरच मुलं बघतील, हे मला कधीच पटलेलं नाही. मुलांना हॅट पडली की हसू येतं, हॅटचा रंग कुणी विचारत नाही.

पत्रकांनी केलेलं माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. त्यांनी दुय्यम नट शोधून काढले. एक डोळा बारीक करून बघणारा टकला जेम्स फिनलेसन, संतापी मे बुश, सतत भांडायला उभा असलेला चार्ली हॉल. त्या काळी पडद्यावर यांतल्या अनेकांची नावंही येत नसत. चाहत्यांनी ती नावं धुंडाळली, छापली, कुणी कोणत्या सिनेमात काय केलं त्याच्या याद्या केल्या. हयात असलेल्यांना मेजवानीला बोलावलं. अनिता गार्विन ही अशीच विस्मरणात गेलेली नटी, तिचा म्हातारपणी या मंडळानं मनापासून सन्मान केला. मेजवानीत पेले उंचावतात ते लॉरेल आणि हार्डीच्या नावानं, आणि फिनलेसन, बुश, हॉल यांच्या नावानंही. हा नियम घटनेतच आहे. आपल्या नाटक-सिनेमांतल्या नोकराची, पोस्टमनची, शेजारणीची कामं आयुष्यभर करणाऱ्यांची अशी यादी कुणी मनावर घेऊन केली, तर मी पहिला वर्गणीदार होईन.

शोध अजून संपलेला नाही. १९२७ च्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चं हरवलेलं दुसरं रीळ २०१५ मध्ये एका संग्राहकाकडे निघालं. क्रीमच्या पेस्ट्र्यांची ती प्रचंड फेकाफेक तोवर तुकड्यातुकड्यांतच पाहायला मिळत होती. त्याच वर्षीचा ‘हॅट्स ऑफ’ मात्र पूर्ण बेपत्ता आहे. त्यात हे दोघं कपडे धुण्याचं यंत्र घेऊन जिना चढतात, आणि जिना तोच, पुढे पियानो चढवला तो. छायाचित्रं उरली आहेत, रीळ नाही. पत्रकं वाचणारे देशोदेशीचे लोक ते शोधताहेत.