रस्ते ओस, मोरी निसरडीच

श्रोतेहो, नमस्कार.

२३ मार्च २०२० ला ब्रिटननं टाळेबंदी जाहीर केली, दोनच दिवसांनी ती आपल्याकडेही आली. गाड्या थांबल्या, मैदानं ओस पडली आणि हाड मोडून येणाऱ्यांची गर्दी देशोदेशी ओसरली. पण ती तरुणांची. म्हातारी माणसं रस्त्यावर कुठं पडतात? ती पलंगाशेजारी पडतात, मोरीत पाय घसरून पडतात. खुबा मोडायला तेवढं पुरतं.

आणि मोडलेला खुबा थांबत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया गाठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा, असं सांगितलेलं आहे. त्यात मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशनं नाना तऱ्हेची, पण रुग्ण सगळे कोविडचे. महिन्याभरात त्यांतले जवळजवळ चौघांत एक दगावले होते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! तरीही खुब्याचं ऑपरेशन पुढं ढकलायचं नाही, हेच ब्रिटनमध्ये ठरलं. मला तरी ते पटतं.

ऑपरेशन थिएटरात आणखी एक पेच होता. हाडांच्या थिएटरातली हवा आतून बाहेर ढकललेली असते, जखमेवर जंतू बसू नयेत म्हणून. आता भीती अशी, की तीच हवा विषाणू दाराबाहेर नेईल. शिवाय ड्रिल आणि करवतीनं उडणारे तुषार. मग जमेल तिथं पूर्ण भूल टाळून पाठीत इंजेक्शन द्यायचं, आणि मास्क, चष्मा, वर प्लास्टिकचा झगा चढवून हातोडी चालवायची. घामाचं काय होत असेल, विचारू नका.

मोडलेल्या मनगटाचं मात्र निभावलं. एरवी प्लेट बसवली असती, तिथं बरेचदा प्लास्टरवर भागवलं. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात २०११ पासून साध्या फ्रॅक्चरचे एक्स-रे डॉक्टर रुग्णाला न बोलावता बघत आणि पुढचं फोनवर सांगत. ती रीत आता ठिकठिकाणी उचलली गेली. लहान मुलांना तर घरीच काढता येईल असा पट्टा द्यायचा. तीन-चार आठवड्यांनी तो आईनंच सोडायचा, स्वयंपाकघरात बसून.