रविवार बंद

अमेरिकेतल्या हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीच्या दारावरचा हा बोर्ड बघा. रविवारी दुकान बंद, कामगारांना घरच्यांसोबत राहता यावं, देवाधर्माला वेळ मिळावा म्हणून. अमेरिकेत वीकेंडच्या गल्ल्यावर पाणी सोडायला हिंमत लागते, ते आधीच मान्य करून टाकू.

आत लोकरीचे गुंडे, कापडाचे तागे, खोटी फुलं आणि फ्रेमा, भिंतभर नुसत्या फ्रेमा. सुरुवातच तिथून झाली. 1970 साली ओक्लाहोमात डेव्हिड ग्रीन यांनी 600 डॉलर कर्ज काढून घरातच छोट्या फ्रेमा बनवायला घेतल्या, 1972 ला 300 स्क्वेअर फुटांचं दुकान टाकलं, आणि गर्भनिरोधकांवरची त्यांची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचली तोवर हॉबी लॉबीची 500 च्या वर दुकानं आणि 13 हजारांवर माणसं कामाला. मालकी मात्र तेव्हाही घरातच.

तिकडे बऱ्याच लोकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीतूनच येतो. ओबामांच्या 2010 च्या कायद्याखाली नियम आला की त्यात गर्भनिरोधकंही बाईच्या खिशाला हात न लावता मिळाली पाहिजेत. ग्रीन कुटुंब म्हणालं, 20 प्रकारांपैकी 16 चालतील, 4 नाही. दोन इमर्जन्सी गोळ्या आणि आययूडीचे, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या साधनाचे दोन प्रकार, त्यातला एक म्हणजे आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात ती तांबी. बीज फळल्यानंतर त्याला रुजू न देणं म्हणजे आमच्या लेखी गर्भपातच, असं त्यांचं म्हणणं. ते खरं की खोटं यात कोर्ट पडलंच नाही, श्रद्धा मनापासून आहे एवढं पुरलं.

आता ज्या कायद्यावर ते जिंकले त्याची गंमत ऐका. ओरेगॉन राज्यात दोघांना पेयोटे घेतलं म्हणून कामावरून काढलं. पेयोटे म्हणजे एक निवडुंग, मूळनिवासींच्या चर्चमध्ये तो प्रसादासारखा घेतात. त्यांना बेकारभत्तापण नाकारला आणि 1990 ला सुप्रीम कोर्टातही ते हरले. त्यावर एवढा गदारोळ झाला की 1993 ला काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, धर्मस्वातंत्र्य जपायचा कायदाच केला. म्हणजे नोकरी गेलेल्या दोन माणसांमुळे आलेला कायदा, आणि 20 वर्षांनी तो उपयोगी पडला कोणाला, तर नोकरी देणाऱ्याला.

25 मार्च 2014, वॉशिंग्टन. बर्फ पडतोय, कोर्टासमोर दोन्हीकडचे बोर्ड भिजतायत. आत प्रश्न असा की कंपनीला धर्म असतो का. 30 जूनला निकाल, 5 विरुद्ध 4, ठरावीक लोकांच्याच हातात मालकी असेल तर कंपनीलाही हा 1993 चा कायदा लागू, म्हणजे त्या 4 प्रकारांतून हॉबी लॉबीला सूट. निकाल लिहिला न्यायमूर्ती अलिटो यांनी. विरोधात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी 35 पानं लिहिली आणि त्यात एक हिशोब आहे, किमान वेतनावर राबणाऱ्या बाईला तांबी बसवायचा खर्च जवळपास महिन्याच्या पगाराएवढा.

(इथे पाच सेकंद बोलायचं नाही, काउंटरवरचे हात दिसू देत.)

पुढे ट्रम्प सरकारने ही सूट आणखी वाढवली आणि 2020 ला कोर्टाने 7 विरुद्ध 2 ने तीही चालवून घेतली.

शनिवार रात्र. गल्ला मोजून झालाय, एकेक दिवा बंद होतोय. उद्या सुट्टी.