जरकन मागितल्यावर समोर येतो तो खडा

ठाण्यात राम मारुती रस्त्यावरच्या एखाद्या पेढीत ‘जरकनची अंगठी दाखवा’ असे म्हटले, तर समोर येणारा लखलखीत पांढरा खडा बहुधा कारखान्यात तयार झालेला असतो. अमेरिकन डायमंड म्हणतात तोही हाच. त्याचे खरे नाव क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचे ऑक्साइड. जमिनीतून निघणारा झिरकॉन हे त्याच धातूचे सिलिकेट आहे. नावांचा घोळ होतो तो इथे.

खरा झिरकॉन ओळखायचा तर तो चिमट्यात धरून दहापट भिंगातून पाहा. वरच्या सपाट पैलूतून सरळ आत पाहिले, तर तळाच्या कडा एकेरी आणि रेखीव दिसतात; खडा जरा तिरपा केला की तीच कड दोन समांतर रेषांसारखी दिसू लागते. झिरकॉनमध्ये शिरणारा प्रकाशकिरण दुभंगतो आणि दोन्ही किरणांच्या वक्रीभवनांकांत, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यांत, ०.०५९ पर्यंत फरक पडतो. एका दिशेने मात्र किरण दुभंगत नाही, आणि खडा धूसर दिसू नये म्हणून कारागीर पुष्कळदा तीच दिशा वर ठेवून पैलू पाडतात. त्यामुळे नुसते वरून पाहून निकाल देऊ नये. क्युबिक झिर्कोनिया किंवा हिरा कसाही फिरवला, तरी त्यात कड दुहेरी दिसत नाही. मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यात ती दिसते, पण तो तेवढ्याच आकाराच्या झिरकॉनपेक्षा वजनाला बराच हलका असतो.

खडा सुटा असेल तर तराजूही साक्ष देतो. हवेत २.३५ कॅरेट भरणारा चांगला झिरकॉन पाण्यात बुडवून तोलला, तर सुमारे १.८५ कॅरेट भरतो, कारण त्याची घनता पाण्याच्या ४.७ पट आहे. क्युबिक झिर्कोनिया याहून जड, हिरा हलका.

मधाळ रंगाच्या खड्यात गफलत होते ती गोमेदाशी. गोमेद हा गार्नेट या खनिजगटातला प्रकार असून त्याच्या कडाही एकेरीच राहतात. शिवाय पाण्यात पाक ओतताना दिसतात तशा लाटा त्याच्या पोटात असतात.

झिरकॉन ठिसूळ असल्याने एका पुडीत अनेक खडे ठेवले, तर एकमेकांवर घासून त्यांच्या कडा झिजतात. जुन्या अंगठीत ही झीज दिसली, तर संशय झिरकॉनकडे वळतो, पण तेवढा पुरावा पुरेसा नाही. निळ्या झिरकॉनबाबत आणखी एक प्रश्न विचारावा. कंबोडियातील रतनकिरी भागातले तांबूस-तपकिरी खडे भट्टीत तापवून हा निळा रंग आणतात. खडा नैसर्गिकच असतो, पण तो तापवलेला असल्याची नोंद पावतीवर मागून घ्यावी.