प्रोस्टेट आणि मनगटातून जाणारी नळी

नमस्कार मंडळी. आज प्रोस्टेटबद्दल बोलूया, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी. पन्नाशीनंतर ही ग्रंथी वाढते, लघवीची धार बारीक होते, रात्री तीनचारदा उठावं लागतं, नि आपल्याकडची माणसं 'वय झालं' म्हणून गप्प बसतात.

आमच्या मालवणकडे एक अण्णा आहेत, सत्तरी ओलांडलेले, दशावताराचे जबरदस्त वेडे, जत्रा कुठचीही असो हे हजर. पण बसायचे अगदी कडेला, कारण सुरुवातीचा संकासुर येऊन जाईस्तोवर दोनदा माडाखाली जाऊन यायचे, आणि आख्यानात लढाई लागली की नेमके बाहेर. एका जत्रेला सर्दी झाली म्हणून दुकानातली गोळी घेतली आणि पहाटे लघवी पूर्ण अडकली, पोट टम्म, नुसते घामाघूम. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, लघवीची नळी घातली तेव्हा कुठे जिवात जीव आला. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी असं होतं, आणि त्या किराणा दुकानात मिळूच नयेत असं माझं ठाम मत आहे. तर अण्णांची नळी काढली की परत अडकायचं, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायची औषधं चालू, वर "माका ऑपरेशन नको" हा हट्ट. शेवटी युरॉलॉजिस्टनी, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांनी, त्यांना कोल्हापूरला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी नेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मनगटाजवळ तेवढीच जागा बधिर केली, आणि काम चालू असताना अण्णा तिथल्या सिस्टरना आख्यान सांगत होते! पुढच्या जत्रेला मला म्हणाले, "आता मी मधी बसान बघतंय." शेवटच्या दहीकाल्यापर्यंत एकदाच उठले.

अण्णांवर केलेल्या या उपचाराला म्हणतात प्रोस्टेट आर्टरी एम्बोलायझेशन. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात नि एक मिलिमीटरहूनही लहान कण सोडतात. पोफळीच्या बागेत पाटाचं तोंड बंद करावं तसं तिथलं रक्त कमी होतं, ग्रंथी आकसते. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१८ मध्ये याला मान्यता दिलीय.

फरक लगेच पडत नाही हं, लगेच नाही, आठवडे लागतात, कधी महिने. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननं धार जास्त सुधारते, पण वीर्य उलटं मूत्राशयात जाण्याचा त्रास एम्बोलायझेशनमध्ये कमी.

मात्र आधी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करा, आधी पीएसए, कारण कॅन्सर नाही हे बघायलाच हवं. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय देतात, तेव्हा क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणीही करा. नंतर चारपाच दिवस जळजळ, थोडा ताप येऊ शकतो, पण थंडी भरून आली किंवा लघवी अडकली तर थांबू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा.