गोळीआधी रक्त

[रामबाग, पहाट]

सकाळचे सहा. इंदूरच्या रामबागेतल्या या घरात चहाच्या आधी एक करंडा उघडतो. कुंकवाचा जुना करंडा, कडेचा मुलामा उडालेला. काकू औषधाच्या पट्टीतून एक कॅप्सूल वेष्टनासकट कात्रीनं कापतात, करंड्यात ठेवतात आणि करंडा पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी. एरवी ही कॅप्सूल आठच्या ठोक्याला पोटात जाते. आज रक्ततपासणी आहे, तिला थांबायचंय.

काका ६१ वर्षांचे. २०१८ मध्ये त्यांना किडनी बसली. कोणाची, ते त्यांना सांगितलं गेलं नाही. शहरातल्याच दुसऱ्या रुग्णालयातून आली, मेंदूमृत माणसाची होती, एवढंच ठाऊक. ती आली तेव्हा रस्ते मोकळे केले होते. २०१५ पासून इंदूरनं असे कितीतरी ग्रीन कॉरिडॉर पाहिलेत. चौकाचौकात पोलीस, मधून सुसाट ॲम्ब्युलन्स, दोन्ही बाजूंना थांबलेली माणसं. इंदूरकरांना त्याचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा.

[रिक्षातून, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या]

त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या मात्र रिक्षाच्या. छत्र्यांवर अजून ऊन यायचंय. कोपऱ्यावर पोह्यांच्या पातेल्यातून वाफ निघतेय; वर शेव, जिरावण. काका तिकडे बघतात आणि काकू काकांकडे. बाहेरचं खाणं बंद आहे. कच्ची चटणी, कापून ठेवलेला कांदा तर नकोच.

[रक्त घेण्याची खोली]

पावणेआठ. खिडकीसमोर रांग. खरगोनकडून रात्रीच्या बसनं आलेल्या एक ताई भिंतीला टेकून बसल्यात. त्यांच्या गावाकडे क्रिएटिनिनची तपासणी होते (किडनीचं काम मंदावलं की रक्तात हे वाढतं), पण ही ‘लेव्हल’, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, मोजून मिळत नाही, म्हणून रात्रभराचा प्रवास.

“गोली ली क्या, अंकल?” खिडकीतली मुलगी प्रत्येकाला आधी हेच विचारते.

“नहीं बेटा, साथ लाया हूँ.”

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते नीट सांगायला हवं. शरीर परका अवयव ओळखतं. १९५४ मध्ये बॉस्टनला किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. एकाच्या शरीराला दुसऱ्याची किडनी परकी वाटलीच नाही. बाकी सगळ्यांना प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस त्यातलं मुख्य; करंड्यातली कॅप्सूल त्याचीच. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जीवाणूत ते सापडलं. औषध गुणी आहे, पण त्याची वाट अरुंद. कमी पडलं तर शरीर किडनीवर उठतं. जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं, हात थरथरतात, साखर वाढते. काकांसाठी डॉक्टरांनी ५ ते ८ ची मर्यादा घातलीय, एका मिलिलिटर रक्तात इतके नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

हे मोजायचं ते रात्रीच्या डोसला १२ तास झाल्यावर, सकाळचा डोस घ्यायच्या अगदी आधी. तेव्हा औषध रक्तात तळाला गेलेलं असतं. गोळी घेऊन आलात तर आकडा फुगतो, आणि फुगलेल्या आकड्यावर डोस कमी झाला तर किडनी उघडी पडते. म्हणून तो करंडा.

[हात, जवळून]

मुलगी सवयीनं डावा हात धरायला जाते. काका उजवा पुढे करतात. डाव्या हातावर कातडीखाली दोरखंडासारखी फुगलेली शीर आहे, डायलिसिससाठी केलेला फिस्टुला. बोट ठेवलं तर आजही आत थरथर लागते. या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही.

जांभळ्या झाकणाची नळी लेव्हलसाठी. टॅक्रोलिमस तांबड्या पेशींत जाऊन बसतं, त्यामुळे न गोठलेलं, अख्खं रक्त लागतं. दुसरी नळी क्रिएटिनिनची. लघवीची डबी वेगळी. तिच्यातून प्रथिनं वाहून जातायत का, ते बघायला.

कापसावर बोट दाबत काका बाकावर येतात. काकू करंडा उघडतात. आठ वाजून पाच मिनिटं.

[वही]

ही वही आम्ही बराच वेळ चित्रित केली. दोनशे पानी, काकूंच्या अक्षरातली. सुरुवातीची पानं गच्च आहेत. आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला; आता तीन महिन्यांनी. तारीख, क्रिएटिनिन, लेव्हल, साखर, बीपी. शेवटचा रकाना काकूंनी स्वतःच्या डोक्यानं आखला. ‘जुलाब ४ दिवस.’ त्यापुढची लेव्हल चढलेली. जुलाबात हे औषध रक्तात जास्त उतरतं. ‘गजकर्णाच्या गोळ्या, डॉ. ना विचारून.’ बुरशीवरच्या काही औषधांनीही लेव्हल वाढते. एका पानावर नुसतंच ‘पपनस नको’, खाली दोन रेघा.

डॉक्टर कॉम्प्युटरकडे वळण्याआधी ही वही मागतात. एकटा आकडा फारसं सांगत नाही. १.५ क्रिएटिनिन एखाद्याचं नेहमीचं असेल. पण वर ओळीनं १.२, १.१, १.२ असेल, तर डॉक्टरांचं बोट तिथेच थांबतं.

आणि हे रोग्याला आतून कळत नाही. प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रवाहिनी जोडतात. ज्ञानतंतू जोडले जात नाहीत. काकांची नवी किडनी उजव्या बाजूला, ओटीपोटात आहे. तिथे बिघाड सुरू झाला तरी बहुतेक वेळा कळ येत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. ‘बरं वाटतंय ना, मग कशाला जायचं?’ असं घरोघरी म्हणतात. आम्हाला कळकळीनं सांगावंसं वाटतं, की या रांगेत बरं वाटणारी माणसंच उभी असतात आणि त्यांनीच उभं राहायचं असतं.

वहीत एका ठिकाणी चार महिने कोरे आहेत. मुलीचं लग्न होतं. त्यानंतरचा क्रिएटिनिनचा आकडा १.९, बायॉप्सी, तीन दिवस इंजेक्शनं, आणि तेव्हापासून तो १.५ च्या खाली आलेला नाही.

[संध्याकाळ, स्वयंपाकघर]

रिपोर्ट फोनवर येतो. क्रिएटिनिन १.५. लेव्हल ६.२. काकू चष्मा लावून लिहून घेतात, काका मागून वाकून बघतात. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची तीन पानं उलटून काकू एका सोमवारभोवती गोल काढतात. त्याच दिवशी देवासला भाच्याची मुंज आहे. काकू क्षणभर थांबतात आणि गोलाखाली बारीक अक्षरात लिहितात, ‘रक्त देऊन मग निघणे.’