गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

बसून घ्या, पुढे जागा आहे. तर विषय जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा, गिअर नीट पडत नसतील तर काय काय बघायचं, आणि इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी मनातल्या मनात निकाल लावूनच टाकला असणार की आपला गिअरबॉक्स गेला. गेलाही असेल. पण मेकॅनिकने तो खाली उतरवायच्या आधी एवढं विचारा, की या बॉक्सला बाहेरून माहिती काय मिळतेय? कारण गिअर कधी बदलायचा हे तो काही स्वतःच्या मनाने ठरवत नाही. त्याला तीन गोष्टी कळतात, गाडी किती पळतेय, एक्सलरेटर किती दाबलाय आणि लिव्हर कुठे आहे. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला त्यातही हेच होतं, तेव्हा सगळं ऑईलच्या प्रेशरवर चालायचं, पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडबंद होणारे व्हॉल्व्ह, आले तरी प्रश्न तेच तीन. यातलं एक उत्तर जरी चुकीचं पोचलं तरी धडधाकट बॉक्स येड्यासारखा वागायला लागतो, आणि आपण म्हणतो आतले क्लच जळाले.

आता तक्रार नीट सांगायची सवय लावा. "गिअर पडत नाही" यातून काहीच कळत नाही हो. गिअर उशिरा पडतो, की झटका मारून पडतो, की दोन गिअरच्या मध्ये इंजिन एकदम मोकळं होऊन आरपीएम वर जातो आणि मग पकडतो, की डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलतच नाही? चारही वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारहींची कारणं वेगळी. आणि थंड असताना होतं की गरम झाल्यावर, हे तर सांगितलंच पाहिजे. सकाळी पहिल्यांदा गिअर उशिरा पकडतो आणि नंतर ठीक चालते म्हटलं की मी कडक झालेल्या रबर सीलकडे बघतो, नाहीतर रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिन आणि बॉक्सच्या मधल्या ऑईलवर चालणाऱ्या जोडणीतलं, ऑईल खाली उतरून जातंय. सकाळी छान आणि तासाभराने स्लिप व्हायला लागली, तर गरम होऊन पातळ झालेलं ऑईल आत कुठेतरी लीक होऊन प्रेशर पडतंय, आणि हे दुसरं जरा काळजीचं.

पण सगळ्यात आधी डिपस्टिक, ऑईलची पातळी बघायची काठी. हसू नका, निम्मे लोक ती चुकीची बघतात. गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या पोझिशनमधून सावकाश फिरवून परत पी ला आणायची आणि मग काठी काढून पुसून पुन्हा घालून बघायची. बहुतेक गाड्यांना असंच. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं, क्रायस्लरच्या बऱ्याच जुन्या बॉक्सना न्यूट्रलला, त्यामुळे गाडीसोबतचं पुस्तक उघडा, ते डॅशबोर्डच्या खणात त्यासाठीच असतं. ऑईल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गिअर स्लिप होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्त भरलं तरी नेमकं तेच होतं, आतले फिरणारे पार्ट ऑईल घुसळून त्याचा फेस करतात, फेसाला प्रेशर धरता येत नाही, मग मालक म्हणतो अजून थोडं टाकूया.

काठीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडा. लालसर, पारदर्शक, पसरत गेला तर बरं. तपकिरी झालाय पण वास ठीक आहे, तर नुसतं जुनं झालंय. करपल्याचा वास आणि काळे कण दिसले तर क्लचप्लेटचं लायनिंग ऑईलमध्ये आलंय. आणि रंग गुलाबी दुधासारखा दिसला तर गाडी तिथेच बंद करा, रेडिएटरच्या आतला ऑईल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय, ते क्लचप्लेटवरचा गोंदच सोडवतं, अशी गाडी अजून चार दिवस चालवणं म्हणजे बॉक्स स्वतःच्या हाताने मारणं.

ग्रेडही बघा. डेक्सरॉन हा जनरल मोटर्सचा ऑईलचा ग्रेड १९६७ सालचा, पण त्या काळातल्या फोर्डच्या बॉक्सना टाइप एफ हा वेगळा ग्रेड लागायचा, दोघांचं घर्षण वेगळं, दिसायला दोन्ही लालच. लाल आहे म्हणून काहीही ओतू नका.

आता माझा आवडता भाग, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. जुन्या बऱ्याच बॉक्सच्या बाजूला एक गोल पत्र्याची छोटी डबी असते, तिला इंटेक मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपपासून, एक रबरी नळी आलेली असते. एक्सलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, त्यावरून बॉक्सला कळतं की ड्रायव्हर जोर मागतोय, तर गिअर उशिरा टाकायचा आणि प्रेशर वाढवायचं. आता ती नळी वीस-तीस वर्षांत तडकली, तर बॉक्सला कायमच वाटत राहतं की एक्सलरेटर फुल दाबलाय, गिअर प्रचंड उशिरा पडतात आणि पडतात ते दणकून. नळी बदलायला दहा मिनिटं. इंजिन चालू असताना तिचं डबीकडचं टोक काढा आणि बोट लावा, जोरात ओढलं पाहिजे. मग आतून बघा, नळीत लाल ऑईल लागलंय का? लागलं असेल तर डबीतला पडदा फाटलाय, आणि इंजिन तुमचं गिअरऑईल पितंय. असा माणूस येतो तेव्हा सांगतो की गाडीखाली एक थेंब पडत नाही, ऑईल तर कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, हेड गॅस्केट गेलं वाटतं. हेड गॅस्केट बिचारं जागेवर असतं.

काही बॉक्सना मॉड्युलेटरऐवजी कार्बोरेटरपासून केबल असते. जनरल मोटर्सचा ७००आर४, १९८२ च्या मॉडेलपासून आलेला, त्यात ही केबल बॉक्सचं प्रेशरच ठरवते. कुणी कार्बोरेटर बदलला आणि केबल सैल राहिली तर गिअर लवकर आणि मऊ पडायला लागतात, मालक खूश, काय स्मूद झाली गाडी म्हणतो, आणि आत कमी प्रेशरमुळे क्लच घसरत घसरत जळून जातात. झटका बरा हो, निदान ऐकू तरी येतो.

कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचं मी पटकन सांगतो. अमेरिकेत १९९६ पासून विकायच्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची एकसारखी पद्धत, सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांना साधा स्कॅनर लागतो आणि पी०७०० च्या पुढचे कोड गिअरबॉक्सचे असतात. पी०७३० म्हणजे गिअरचा रेशो जुळत नाहीये, पी०७४० म्हणजे कन्व्हर्टरच्या लॉकअपच्या सर्किटची भानगड, लॉकअप म्हणजे वेग आला की कन्व्हर्टर आतल्या क्लचने थेट जोडला जातो तो. पण कोड आला की तोच पार्ट बदलायचा असं नसतं, आधी वायर, कनेक्टर, अर्थिंग बघा, कनेक्टरमध्ये ऑईल शिरलंय का बघा. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या, तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरने घाबरून बॉक्स वाचवायला तसं केलेलं असतं. थ्रॉटलचा सेन्सर झिजला तरी गिअर चुकीच्या वेळी पडतात, स्पीड सेन्सर गेला तर स्पीडोमीटरही बऱ्याचदा नाचतो. आणि थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन गरमच होत नसेल तर बऱ्याच गाड्या लॉकअप, कधी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअरही, देत नाहीत, आणि लोक गिअरबॉक्सवाल्याकडे चकरा मारतात.

इथून एक प्रश्न आलाय, साठ-सत्तरच्या स्पीडला गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत. हो, लॉकअपचा थरथराट असू शकतो. तसं होत असताना एक्सलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा, ब्रेक स्विचमुळे लॉकअप सुटतो, थरथर लगेच थांबली तर कन्व्हर्टरच्या क्लचकडे किंवा ऑईलकडे बघा. पण आधी स्पार्कप्लग आणि वायरी बघून घ्या, लोडवर मिसिंग करणारं इंजिन हुबेहूब असंच थरथरतं, आणि लॉकअप सुटला की लोड कमी होऊन तेही थोडं शांत होतं, म्हणून फसायला होतं. गिअर बदलताना खालून धप्प आवाज येत असेल तर इंजिनचं माउंटिंगही हलवून बघा.

ऑईल बदलावं की नाही, यावर भांडणं होतात. माझं मत, बॉक्सच्या खालचा ऑईलचा पॅन उघडा आणि मग ठरवा. त्यातल्या मॅग्नेटवर राखाडी लेप असतोच, ती नॉर्मल झीज. चमकणारे तुकडे, पितळी कण, काळ्या लायनिंगचा गाळ दिसला तर आता नवीन ऑईल टाकून फरक पडणार नाही. आतून ठीक असेल तर फिल्टर बदला, पॅनमधलं जेवढं निघेल तेवढं काढून नवीन भरा, थोडी चालवून परत तेच. मशीन लावून जोराने फ्लश मी जुन्या बॉक्सला करू देत नाही. आणि ब्रेक दाबून फुल रेस देऊन टेस्ट करायची काहींना फार हौस असते, पाच सेकंदांच्या वर गेलं तर ऑईल उकळायला लागतं, त्यापेक्षा प्रेशर गेज लावा, आकडा बोलतो.

आणि इतकं सगळं बघून बॉक्स खरंच उतरवावा लागला, तर कन्व्हर्टर जुनाच परत बसवू देऊ नका, त्यात जुना कचरा भरलेला असतो, कूलर आणि त्याचे पाईप धुवून घ्यायला लावा, आणि केबलचा बॉक्स असेल तर तुम्ही स्वतः उभं राहून केबल सेट करून घ्या आणि मगच गाडी गॅरेजच्या बाहेर काढा.