चांदीचा चिमटा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून वजनाला जेमतेम ३०० ग्रॅम. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. मिनिटाला लिटरभर! पुन्हा सांगतो, मिनिटाला लिटरभर. हा प्रवाह सांभाळण्यात हार्मोन्सचा मोठा वाटा असतो, आणि त्यांची साखळी किडनी स्वतःच सुरू करते. ते कसं कळलं, ती हकिगत मला फार आवडते.

अमेरिकेत क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. शवविच्छेदन करताना त्यांना दिसे, की बीपीच्या रुग्णांच्या किडनीतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आहेत. सर्वसाधारण समजूत अशी, की बीपी आधी वाढतं आणि वाहिन्या मागाहून खराब होतात. गोल्डब्लाट यांना नेमकी उलटी शंका आली. (शवविच्छेदनाच्या टेबलावर वैद्यक किती शिकलंय! आज तिकडे होणारं दुर्लक्ष मला खरंच खटकतं.) त्यांनी चांदीचा एक छोटा चिमटा करवून घेतला, स्क्रू फिरवला की आवळणारा. कुत्र्याच्या किडनीच्या धमनीवर तो बसवायचा आणि रक्त पूर्ण न तोडता फक्त कमी करायचं. दोन्ही बाजूंना चिमटे लावले, तर बीपी चढलं आणि चढलेलंच राहिलं. मज्जातंतूंमुळे होत असेल का? म्हणून किडनीचे मज्जातंतूही तोडून पाहिले. तरी बीपी चढलंच! म्हणजे निरोप रक्तातूनच जात होता. हे साल १९३४.

आणि हा निरोप्या आधीच सापडलेला होता. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, आणि त्याचं बीपी वाढलं. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. पुढे तीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. वाईट वाटतं.

तर, किडनीत रक्त कमी आलं की रेनिन सुटतं, त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन नावाचं, रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन तयार होतं. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या. प्रत्येकीला एक बारीक वाहिनी रक्त आणणारी, एक नेणारी. अँजिओटेन्सिन नेणारी वाहिनी जास्त आवळतं. पाइपच्या तोंडावर अंगठा धरावा तसं. त्यामुळे आतला दाब टिकतो, गाळणं चालू राहतं. आणणारी वाहिनी सैल ठेवायचं काम तिथल्या तिथे तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याचं. लक्षात ठेवा: नेणारी आवळायची, आणणारी सैल ठेवायची.

आता आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या याच प्रोस्टाग्लँडिनला अडवतात. एरवी धडधाकट माणसाला ते सहसा जाणवत नाही. पण जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असताना किडनीची सगळी भिस्त प्रोस्टाग्लँडिनवर असते. अशा वेळी गुडघा दुखतो म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणून घेतली, तर आणणारी वाहिनीही आवळते, आणि दोन दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसू शकतं.